पाऱ्याची राखण

आधी नाव सांगते. टेंभरे बाई. गोंदियाहून बिरसीच्या विमानतळाकडे जाताना एक खेडं लागतं, तिथल्या. माझी शिवू आज शाळेत जाते, पेन्सिलीसाठी भांडते, रात्री शांत झोपते, ते या बाईंमुळे. काय झालं ते पुढं सांगतेच. पण मी मुलखाची घाबरट. सांगता सांगता भीतीचंच जास्त सांगत बसते आणि माणूस राहून जातं. म्हणून नाव अगोदर.

मी मंगळवेढ्याकडची. आठवीत दिवाळीची सुट्टी लागली आणि माझी शाळा तिथंच संपली. लग्नानंतर शिवूच्या पप्पांना एका ठेकेदाराकडून बिरसीला गेटवर पहाऱ्याची नोकरी लागली, आणि तान्ह्या पोरीला घेऊन आम्ही महाराष्ट्राच्या या टोकाहून त्या टोकाला गेलो. तिकडं नजर जाईल तिथवर भात. भाताच्या खाचराला बांधी म्हणतात हेसुद्धा मला नवीन. ज्वारीचं एक कणीस कुठं दिसेल तर शपथ. बोलणं निम्मं हिंदी, निम्मं माझ्या कानाला न सरावलेलं मराठी. डोक्यावर दिवसभर शिकाऊ विमानं भिरभिरायची आणि मला वाटायचं, यातलं एखादं आपल्याच कौलांवर येऊन बसणार.

टेंभरे बाई आमच्या घरमालकीण. विज्ञानाच्या शिक्षिका. सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या वाटेवरच्या एका गावात सगळी नोकरी काढून निवृत्त झालेल्या. नवरा वारलेला, मुलगा रायपूरला. पुढच्या घरात त्या, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि अंगणाच्या कडेला एक बारकी खोली, तिला कायम कुलूप.

पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. म्हणाल्या, "हात दाखव." मी घाबरून दोन्ही हात पुढं केले. त्यांनी नखं पाहिली, तळवे उलटे करून पाहिले. "काऊन वं, एवढी नखं कायले वाढवली? पोरीले याच हातानं भरवते ना?" आणि आत जाऊन नेलकटर आणून दिला. झालं स्वागत.

पुढं कळलं की त्या सगळ्यांचेच हात बघतात. दूधवाल्याचे, गॅसच्या गाडीवरच्या माणसाचे, मतं मागायला आलेल्यांचेही. मतं मागणाऱ्यांतला एकजण हात जोडून उभा होता, त्याला त्या म्हणाल्या, जोडलेलेच ठेवा जी, उघडू नोका, मातीच माती आहे. सगळा ओटा हसला. स्वतःचे हात मात्र त्या पदराखाली ठेवायच्या. अंगठी नाही, बांगडी नाही. चहा घ्यायच्या तो स्टीलच्या पेल्यात, दोन्ही हातांनी धरून, आणि पेला कधी निम्म्याच्या वर भरू द्यायच्या नाहीत. मी एकदा आग्रहानं काठोकाठ भरला. त्यांनी तो उचललाच नाही. गार झाला तसा खाली वाकून, तोंड पेल्याला नेऊन प्याल्या. तेव्हा मी पाहिलं, त्यांचे हात थरथरत होते. म्हातारपणाचे असतील म्हटलं. "ज्वारीवाली," त्या म्हणाल्या, "यानंतर अर्धाच देजो." एरवी मला त्या ज्वारीवालीच म्हणायच्या.

संध्याकाळी ओट्यावर त्या तांदूळ निवडायच्या आणि मी शेजारी बसायचे. मी आठवीत शाळा सोडली हे ऐकून त्यांनी ना हळहळ केली ना उपदेश. म्हणाल्या, धातूंचा धडा व्हायच्या आत पळाली तू, आता माझ्याकडून ऐक. मग धातू सांगायच्या ते घरातली माणसं सांगावीत तसे. सोनं कुलीन, कोणाशी भांडत नाही. लोखंड रडकं, पाण्याचा थेंब लागला की अंगावर तांबूस पुरळ. तांबं गरीब, सगळ्यांची कामं करतं. आणि मग आवाज उतरायचा. "अन् तो. त्याले घर नाई. ठेवलं तिथं राहत नाई, धरलं तर बोटातून निसटते, अन् गेला तर वास नाई, आवाज नाई."

तो म्हणजे कोण, हे त्या सांगायच्या नाहीत. विचारलं की तांदळात डोकं घालायच्या.

शिवूच्या पप्पांना त्यांनी एकदा अडवलं आणि विचारलं, तुमच्या गेटवरून आत थर्मामीटर नेऊ देता का जी? यांना प्रश्नच कळेना. बाईंनी वर बोट केलं, एक विमान वळण घेत होतं. त्याचा थेंब विमानाच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पडला तर पत्रा भुसभुशीत होते, पुठ्ठ्यावानी, त्या म्हणाल्या. वर एवढी एवढीशी पोरं बसून राहिली, त्यांची काळजी कोण करते? यांनी घरी येऊन सांगितलं, म्हातारी जरा सरकलेली आहे. मी हसले, पण त्या दिवसापासून विमान गेलं की माझी मान आपोआप वर जायला लागली.

मग ट्यूबलाइटचा प्रकार झाला. गावातल्या पोरांना भंगारात बंद पडलेल्या ट्यूबलाइटी सापडल्या होत्या. आमच्या भिंतीमागं एकेक फोडून फटाक्यासारखा आवाज काढत होती. बाई ओट्यावरून उठल्या. मला वाटलं, आता शिव्या. पण कानावर जे आलं ते वेगळंच होतं.

"मुलांनो, मागे सरका. खाली वाकू नका. काचेला हात लावू नका. वारा ज्या दिशेला वाहतो त्या दिशेला उभे राहू नका."

एरवी तिकडच्या झाडीबोलीत बोलणारी बाई एकदम पुस्तकातलं वाचून दाखवावं तसं बोलत होती. पोरंही चपापून गप्प झाली. बाईंनी तोंडाला ओला पदर बांधून काचा पुठ्ठ्यानं गोळा केल्या, झाकणाच्या बादलीत भरल्या आणि त्या कुलुपाच्या खोलीत नेऊन ठेवल्या. बाहेर येऊन हात धुतले, परत धुतले. "यातही तो असते," एवढंच म्हणाल्या.

त्यांची ही खूण मला तेव्हा कळली नाही, पुढं कळली. बाई चिडल्या, हसल्या, दमल्या, तरी झाडीबोली. खरोखर घाबरल्या की शाळेतली भाषा, आणि समोर शेंबडं पोर असलं तरी त्याला मोठ्या माणसासारखं बोलणं.

गावातल्या बायकांकडं या सगळ्याचा एक साधा अर्थ होता. शेजारच्या वहिनींनी पाणी भरताना मला कानात सांगितलं. बाईनं खोलीत काहीतरी ठेवलं आहे. बाटलीत. शाळेतून आणलं आहे, जंगलातल्या गावाकडून. रोज कुलूप उघडून बघून येते. तोच तिचे हात हलवते. मी म्हटलं, वहिनी, भलतंच. पण रात्री शिवूला भिंतीकडच्या बाजूनं झोपवायची ती मी अंगणापासून लांबच्या कोपऱ्यात झोपवायला लागले. कारण वहिनी म्हणाल्या त्यातली एक गोष्ट मीही पाहिली होती. बाई रोज दिवेलागणीला ती खोली उघडायच्या, आत डोकावायच्या आणि लगेच कुलूप लावायच्या.

त्या वर्षी भात निघाल्यावर बाईंनी त्यांच्या बांधीतला एक कट्टा, म्हणजे पोतंभर, तांदूळ आम्हाला दिला. म्हणाल्या, जुना होऊ दे, नवा खाशील तर भाताचा गोळा होते. मी पत्र्याच्या कोठीत भरून ठेवला. पाऊस लागला आणि कोठी उघडली तर तांदळात सोंडे. काळे, बारके, तुरुतुरु चालणारे. बाईंच्या घरच्या तांदळाला किडे लागले हे बाईंना कसं सांगायचं? त्यांना वाटेल, ज्वारीवालीला धान्य ठेवता येत नाही. मी गप्प बसले.

आठवडी बाजारात एकजण खाली पोतं अंथरून हिंग, कापूर, उंदराचं औषध असलं काय काय विकायचा. त्याच्याकडं करड्या रंगाच्या गोळ्या होत्या. धान्यात टाका, वर्षभर कीड नाही, पुष्कळ घरांत टाकतात, म्हणाला. मी घेतल्या. तो म्हणाला असेल फडक्यात बांधून टाका, मला आठवत नाही. मला आमच्या घरची रीत माहीत. आमच्याकडं ज्वारीला राख नाहीतर बोरिक पावडर लावतात ती हातानं चोळून, एकेका दाण्याला लागली पाहिजे. दाणा सुटला तर आई ओरडायची. म्हणून मी त्या गोळ्या खलबत्त्यात कुटल्या, तांदूळ परातीत काढला आणि दोन्ही हातांनी कोपरापर्यंत चोळला. शिवू समोर बसली होती. तिनंही आपल्या मुठीनं चोळला. मी कौतुकानं म्हटलं, आईला मदत करते गं माझी बाय.

कोठी आमच्या झोपायच्या खोलीत होती. चूलही तिथंच, म्हणजे गॅस. तोच तांदूळ धुऊन रोज शिजत होता.

त्याच सुमारास सासरे पडल्याचं कळलं आणि शिवूचे पप्पा गावी गेले. घरात मी आणि शिवू. ते गेल्यावर एका सकाळी भांडी घासताना माझं लक्ष बोटाकडं गेलं. लग्नातली अंगठी एका बाजूनं पांढरी पडली होती. चांदीसारखी. आधी वाटलं राख लागली. घासली, जाईना. दुसऱ्या दिवशी आणखी पांढरी. आणि मग आरशात पाहिलं तर मंगळसूत्राची एक वाटी पांढरी.

ज्या बाईचा नवरा प्रवासात आहे, तिच्या मंगळसूत्राची वाटी पांढरी पडलेली. मी तिथंच खाली बसले. यांना फोन लावला तर लागेना. आईला लावला. आईनं कुठल्या बाजूची वाटी ते विचारून घेतलं. मग म्हणाली, कुणाला सांगू नको, पदर वरपर्यंत घे, देवाला नारळ ठेव. तिच्या आवाजानंच मी अर्धी मेले. दुपारी यांचा फोन आला, ठीक होते, माझा आवाज असा का म्हणून विचारत होते. मी म्हटलं, सर्दी.

पण भीती गेली नाही, तिनं जागा बदलली. मला त्या खोलीतली बाटली आठवली. शिवू त्या दिवसांत किरकिरी झाली होती. कोरडा खोकला, जेवायला नको, अंगाला हात लावला तरी रडायची. मी ठरवून टाकलं, हे बाईंच्या खोलीतलं आहे. ओट्यावर जाणं बंद केलं. बाईंनी हाक मारली तर आतूनच ओ द्यायची. ज्या बाईकडं धावत जायला हवं होतं, तिच्यापासूनच मी पोरीला लपवत होते, आणि लपवत होते ती कुठं, तर त्या कोठीच्या खोलीत, दार लावून.

एक दिवस बाई वालाच्या शेंगा घेऊन स्वतःच आल्या. मी दारातच उभी राहिले, हात पदराखाली. त्यांनी शेंगा दिल्या, मी डावा हात पुढं केला.

"उजवा काऊन लपवला?"

"भाजलाय बाई."

"मग तं दाखवच."

मी मागं सरले. त्यांनी सरळ मनगट धरून हात बाहेर ओढला. अंगठी पाहिली. मग माझ्या गळ्याकडं पाहिलं, पदर बाजूला केला, वाटी पाहिली. त्यांच्या हाताची थरथर माझ्या मनगटात उतरत होती. मी वाट पाहत होते की त्या काहीतरी ओरडतील.

त्या म्हणाल्या, "घरात पारा कुठे आहे?"

पारा. तो शब्द मी तापाच्या आणि रागाच्या संदर्भातच ऐकलेला. मी म्हटलं, आमच्याकडं कुठला पारा. त्या म्हणाल्या, "आठवा. सोने पांढरे करणारी दुसरी वस्तू आपल्या घरात येत नाही. काय आणले? काय सांडले? काय कुटले?"

कुटले म्हटल्यावर माझ्या तोंडून गोळ्या निघाल्या.

बाईंनी शिवूला उचललं नाही. तिला म्हणाल्या, "बाळ, तुम्ही चालत बाहेर या." शिवू तीन वर्षांची. तिला कोणी असं बोललं नव्हतं. ती गुपचूप चालत बाहेर आली. मग मला: "मुलीचे कपडे बदला, अंगणात, साबणाने आंघोळ घाला. सर्व खिडक्या उघडा. पंखा लावू नका. झाडू लावू नका. झाडूने त्याचे हजार तुकडे होतात." मी हुंदके द्यायला लागले तर म्हणाल्या, "रडायला नंतर वेळ आहे."

शेजारच्या वहिनी कुंपणापाशी आल्या होत्या. बाईंनी त्यांना शिवूला धरायला सांगितलं, आणि ज्यांनी बाटलीतल्या भुताचं मला सांगितलं होतं, त्यांनीच शिवूला कडेवर घेऊन तिला कोंबड्या दाखवायला नेलं.

मग बाईंनी मला दाखवलं. मी ते विसरणार नाही. खोलीच्या कोपऱ्यात उजेड कमी होता. त्यांनी बॅटरी जमिनीला टेकवून आडवी धरली आणि म्हणाल्या, बघा. कोठीखालच्या फटीत, परातीच्या कडेला, शिवूच्या गादीच्या शिवणीपाशी बारीक बारीक काहीतरी चमकलं. मोहरीहून लहान. टाचणीच्या टोकाएवढं. जणू जमिनीला डोळे फुटले होते. मी इतके दिवस त्यावर अनवाणी चालत होते. बाईंनी दोन पोस्टकार्डांनी ते थेंब एकमेकांकडं ढकलले. ते पळाले, भेटले, एक झाले, परत पळाले. फटीत जिथं हात पोचत नव्हता तिथं त्यांनी आपल्या डब्यातली गंधकाची पिवळी पूड दाबून भरली. गंधकाशी त्याचं जमतं, तिथं तो बसून राहतो, असं त्या म्हणाल्या. हात थरथरत होते म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्या काम करत होत्या.

तांदूळ टाकायचा कुठं? मी म्हटलं, नाल्यात. त्यांनी अशा काही नजरेनं पाहिलं की मी परत बोलले नाही. नाल्यातून मासा, मासा कोणाच्या ताटात. उकिरड्यावर टाकला तर कोंबड्या. सगळा तांदूळ, कोठी, परात, खलबत्ता, गादी, जाड प्लास्टिकमध्ये बांधून त्या कुलुपाच्या खोलीत गेलं. माझी अंगठी आणि मंगळसूत्राची वाटीही. मी म्हटलं, सोनाराकडं नेते, उजळून देईल. "सोनार तापवेल," बाई म्हणाल्या, "पारा वाफ होऊन उडेल, तुमची वाटी पिवळी होईल आणि ती वाफ त्याच्या घरातली मुले घेतील." मी काळ्या मण्यांत हळकुंड बांधून गळ्यात घातलं.

त्याच दिवशी गाडी करून आम्ही गोंदियाला दवाखान्यात गेलो. डॉक्टर शांत होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, गिळलेल्या पाऱ्यापेक्षा श्वासातून गेलेला वाईट, आणि तुमच्या बंद खोलीत तो रोज गॅसशेजारी तापत होता. शिवूचं रक्त, लघवी घेतली. नमुने नागपूरला जाणार. निकाल यायला दिवस लागणार होते, आणि त्या दिवसांत मी शिवूचे हात सोडून दुसरं काही पाहिलं नाही. पेला धरताना हलतो का? बटण लावताना? झोपेत बोट हललं तरी मी उठून बसायची.

आम्ही बाईंच्या पुढच्या घरात राहायला गेलो होतो. यांना कळवलं, ते परतीच्या गाडीत बसले. आणि बाई झाडीबोली विसरल्यासारख्या वागत होत्या. मला चहा हवा का विचारायचं तरी, "आपण चहा घेणार का?" मी त्यांना हात जोडून म्हटलं, बाई, मला ज्वारीवाली म्हणा, शिव्या द्या, पण असं बोलू नका. त्यांना कळलंच नाही मी काय म्हणते ते.

निकाल आला. पारा अंगात होता. पण औषध देण्याइतका नाही, डॉक्टर म्हणाले, त्यापासून लांब राहिली तर शरीर आपोआप बाहेर टाकेल, परत तपासू. बाईंनी तो कागद डोळ्यांजवळ नेऊन, लांब नेऊन वाचला. मग पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "कायले कुटल्या वं गोळ्या? किड्याचा भात खाल्ला असता तं मेली नसती."

मी इतकी रडले त्या दिवशी, आणि इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी मला ती खोली दाखवली. भूत बघायला चल, म्हणाल्या. गावात काय बोलतात ते त्यांना सगळं माहीत होतं. आत फळीवर पत्र्याचा डबा, डब्यात वाळू, वाळूत दुसरा डबा, त्यात एक बाटली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीएवढी. त्यांनी मला ती डब्यासकट उचलायला लावली. हात खालीच गेला. एवढीशी बाटली, पण पाट्यावरच्या वरवंट्यासारखी जड. काचेला न चिकटता तो आत डुलत होता. सुंदर होता. खोटं कशाला बोलू, मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं.

"पोरंही अशीच पाहत," बाई म्हणाल्या.

आणि मग त्यांनी सांगितलं. याच्यावर लोखंडाचा नट तरंगतो. मातीत असतो तेव्हा हिंगूळ नावाचा लाल दगड असतो, तापवला की पांढरा होऊन पळतो. वैद्यांनी याला रसराज म्हटलं, पारद म्हटलं. इंग्रजांनी बुधाचं नाव दिलं, आकाशात सगळ्यांत घाईचा तो म्हणून. मूलद्रव्यांच्या तक्त्यात मात्र त्याची अक्षरं पाण्यासारखी चांदी अशा अर्थाच्या जुन्या नावातली. किती नावं, पण घर एक नाही. तापमापीत घाला, रक्तदाबाच्या यंत्रात घाला, दिव्यात घाला, दातात भरा; काच फुटली की निघाला.

शाळेत त्या दरवर्षी याच बाटलीतून हवादाबमापी भरून दाखवायच्या. मुलांच्या तळव्यावर थेंब द्यायच्या, फिरवा म्हणायच्या. तेव्हा सगळेच तसं शिकवत. प्रयोगशाळेच्या खिडक्या बंद, कारण वाऱ्यानं कागद उडत. एकदा त्यांचीच अंगठी पांढरी पडली आणि मग तडकली. त्यांनी सुट्टीत पुस्तकं काढून वाचलं. शाळा उघडल्यावर बाटलीला बूच मारलं ते परत काढलं नाही. शाळेनं ती खोली दुसऱ्या कामाला घेतली तेव्हा जुनं सामान नाल्यावर टाकायला निघालेलं, त्यातून त्यांनी बाटली उचलून घरी आणली.

"हात त्यानं हलून राहिले का उमरीनं, डॉक्टरले सांगता येत नाई," त्या म्हणाल्या. "माझं जाऊ दे. ज्या पोरांच्या हातावर मी ठेवला, त्यांचे हात मी कुठं पाहू?"

म्हणून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात पाहायच्या. मला ते तेव्हा उमगलं.

बाटली कोणी घेत नव्हतं. शाळा म्हणाली, आमच्या यादीत नाही. दवाखाना म्हणाला, आमची नाही. कुठल्याशा कचेरीत सांगितलं, एवढीशीसाठी गाडी येत नसते, ठेवा तुमच्याकडंच. मुलगा म्हणतो, आई, विहिरीत टाकून मोकळी हो. "मी मेली का तो टाकणारच," बाई म्हणाल्या. "चांगला पोरगा आहे, पण टाकते. अर्धं गाव त्या विहिरीचं पानी पिते." म्हणून रोज दिवेलागणीला कुलूप उघडून बघायचं. बूच जागेवर आहे का. बस. एवढ्या वर्षांची राखण. आणि आता तिच्यात माझी कोठी, गादी आणि मंगळसूत्राची वाटी यांची भर पडली होती.

शिवूची परत तपासणी झाली, पारा उतरला होता. नंतरच्या वर्षी ठेकेदारानं यांना वापीला हलवलं. निघायच्या सकाळी सामान गाडीत चढलं. बाईंनी शिवूचे हात पाहिले, नखं पाहिली, तिला बोटांवर एक ते दहा मोजायला लावलं. यांना म्हणाल्या, वापीत कारखाने आहेत, पोरीले धुरात नेऊ नोका जी. मला म्हणाल्या, तिकडं ज्वारी भेटते का नाई कोणास ठाऊक. मी वाकून पाया पडले. त्यांनी हात पदराखालून काढून माझ्या डोक्यावर ठेवला. तो थरथरत होता, पण त्यांनी तो काढून घेतला नाही.

गाडी निघाली. वळणावर मी मागं पाहिलं. त्या फाटकात नव्हत्या. अंगणाच्या कडेला, त्या खोलीच्या दारापाशी उभ्या होत्या, हातात कुलपाची किल्ली. मी गाडी थांबवायला लावली आणि काच खाली केली. वर विमान घोंगावत होतं, म्हणून त्यांना मोठ्यानं बोलावं लागलं.

"तुम्ही परत याल ना?"

ज्वारीवाली नव्हे. तुम्ही. आजवर त्या ही भाषा बोलल्या त्या इतरांच्या काळजीनं, पोरांच्या, शिवूच्या. स्वतःसाठी त्या पहिल्यांदा घाबरल्या होत्या.

मी होय म्हटलं. विमानाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं का, माहीत नाही, म्हणून इथं लिहिते. वापीत असला घातक कचरा रीतसर घेणारे आहेत. मी यांच्याकरवी दोन ठिकाणी विचारलं, ते कंपन्यांचा घेतात, घरचा नाही म्हणतात. मी विचारत राहीन. मला इंग्रजी येत नाही, कचेरीत बोलताना मी अडखळते, पण आता बाईंच्या पुस्तकी भाषेतलं एक वाक्य पाठ केलं आहे, "आमच्याकडे पारा आहे, तो आपण रीतसर घ्याल का?", आणि ते मला न अडखळता म्हणता येतं. बाई, बूच जागेवर ठेवा. कोणी घेणारा मिळाला की त्याला तुमच्या दारात घेऊन येईन. आणि नाहीच मिळाला तर ती किल्ली माझ्याकडं द्या, पुढची राखण माझी.